एक्केचाळीस हरभरे, एकोणीस चिंचोके

ठकूमावशी, तुझी तीन महिन्यांची मोजणी मी भाजून खाल्ली. मीठ लावून खाल्ली. वर तांब्याभर पाणी प्यालो आणि ढेकर दिला.

ह्या गोष्टीला दहा वर्षं होऊन गेली आणि तुला जाऊन आज अकरा दिवस. ह्या दहा वर्षांत तू ही गोष्ट पिंगळीच्या आसपासच्या बारा गावांत, दर बाळंतिणीच्या उशाशी, दर बारशाला, आणि एकदा तर तहसील कचेरीच्या पायरीवर माझ्यादेखत सांगितलीस. दर वेळी मी हरभऱ्यांबरोबर आणखी काय खाल्लं त्यात एकेका जिनसाची भर पडत गेली. शेवटी शेवटी तर मी तुझ्याकडं वर गूळही मागितला होता म्हणे. मावशी, गूळ मी मागितला नव्हता. आता तू उलटून बोलणार नाहीस, तेवढी संधी साधून एकदाचं कागदावर लिहून ठेवतो: फक्त मीठ.

तू धनगराघरची, पिंगळीची सुईण. मी वाण्याघरचा, गळ्यात लिंग, काखेत सरकारी पेटी आणि पेटीत देवीची लस टोचायची सुई. फिरायचो दोघंही त्याच बारा गावांतून. पण मी वेशीत शिरलो की लेकरं कणगीमागं लपायची, आणि तू शिरलीस की त्याच लेकरांच्या आया उंबऱ्यावर येऊन उभ्या राहायच्या. एकदा मी तक्रार केली तर म्हणालीस, "तू टोचतूस, मी काडते. फरक पडनारच की, मन्मता."

त्या साली परभणीच्या दवाखान्यात नवे डॉक्टरसाहेब आले होते. उंच, डोक्यावर रुमी टोपी, अचकनीची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली, आणि बोलणं इतकं अदबीचं की ते रागावले तरी आपला सत्कार चाललाय असं वाटावं. त्यांनी मला एक तख्ता दिला. उर्दूत छापलेला, दोन रकान्यांचा. लेकरू जन्मलं की आई त्याला पहिल्याच दिवशी छातीला लावते का, हा एक रकाना. आणि नाही लावत तर किती दिवस थांबते, मधल्या वेळात काय पाजतात, हा दुसरा. "गावोगाव जाताच आहात, एवढं विचारून या," म्हणाले.

आता विचारायचं कुणाला? बाळंतिणीच्या खोलीत मी जाणार नाही, गेलो तर परत येणार नाही. म्हणून मी चावडीवर बसून बाप्यांना विचारलं. पहिलाच गडी तंबाखू मळत होता.

"तुमच्यात लेकरू झालं ना? त्याची आई पाजती का त्याला?"

"मग काय मी पाजू?"

मला ते उत्तर फार पटलं. मी पहिल्या रकान्यात रेघ ओढली. मग दुसऱ्याला, तिसऱ्याला. दोन दिवसांत बारा गावं झाली, दुसरा रकाना कोरा करकरीत राहिला, आणि मी तो तख्ता घेऊन परभणीला गेलो तेव्हा मला शाबासकी मिळणार ह्याबद्दल माझ्या मनात काही शंका नव्हती.

साहेबांनी कागद वाचला. "सुभानल्ला," म्हणाले. "बारा गावांत पहिल्या दिवशी दूध न पाजणारी एकही आई नाही. आपण किती आयांना विचारलंत, मियाँ?"

"एकीलाही नाही, हुजूर."

त्यांनी तख्त्याची चौघडी केली, वाकले, आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल हलायचं थांबलं. माझ्या नोकरीत सरकारच्या थेट उपयोगाला आलेला तो माझा पहिला कागद.

मग मात्र ते गंभीर झाले. म्हणाले, गावच्या सुईणी पहिलं दूध फेकून द्यायला लावतात, असं माझ्या कानावर आहे. तीन महिने देतो. खरी मोजणी करा, मग मी स्वतः येऊन बघेन. कानावर आलंय ते खरं निघालं, तर त्या भागातल्या सुईणींना बाळंतपणाला हात लावायची मनाई लिहीन आणि शहरातून नर्स मागवीन.

हे मी तुला येऊन सांगितलं तेव्हा तू शेळीच्या खुरातला काटा काढत होतीस. काटा निघाला, शेळी पळाली, तरी तुझा हात तसाच हवेत राहिला.

"कोन टाकाय लावतंय?" म्हणालीस. "तीस वर्सं झाली, घरोघर सासवांसंगं भांडायलेय मी, पयल्या दिवशी लेकरू छातीला लावा म्हून. अन् मनाई मला?"

तुझं ते भांडण मी ऐकलेलं होतं. नुसतं ऐकलेलं नाही, खाताना ऐकलेलं. शेजारच्या गावच्या पाटलिणीच्या घरी म्हैस आणि सून एकाच आठवड्यात मोकळ्या झाल्या होत्या. मी ओसरीवर बसून खरवसाची तिसरी वडी तोंडात घातली होती. गूळ, वेलदोडा, सगळं बेतशीर. आत बाळाला कापसाच्या वातीनं गूळपाणी चाटवणं चाललं होतं, कारण आईला आलेला चीक जड, तो तीन दिवस पिळून टाकायचा, असा त्या घरचा रिवाज. तू आतून बाहेर आलीस. तुझं तोंड बघून मी वडी गिळायचं विसरलो.

"मन्मता, काय खायलास?"

"खरवस."

"कशाचा?"

"म्हशीच्या चिकाचा."

"ग्वाड हाय?"

"लय ग्वाड."

मग तू पाटलिणीकडं वळलीस. "म्हशीचा चीक ह्या वाण्याच्या पोटात, अन् तुमच्या सुनंचा चीक उकिरड्यावर. नातू कुनाचा हाय ओ पाटलीनबाई, म्हशीचा का तुमचा?"

"आमच्यात तीन दिस पाजत न्हाईत," पाटलीण म्हणाली. "जड असतंय ते. आमी बी आमच्या येळंला तसंच केलं."

"मग रेडकाला का पाजलं पयल्या दिवशी?"

"रेडकाचं येगळं."

"काय येगळं? त्याला सासू न्हाई एवडंच."

 पाटलिणीनं माझ्या हातातली ताटली तेवढी उचलून नेली. भांडण तुझं, आणि उपाशी मी राहिलो. वाटेनं तू मला तुझ्या मेंढरांचं सांगितलंस. कोकरू पडलं की लटपटत उठतं आणि आधी आईचं आचळ शोधतं, पहिला घोट पोटात गेला की पायावर उभं राहतं. ज्याला तो घोट मिळत नाही त्याला राखायला फार मेहनत पडते. "हे मला कुन्या डाक्टरानं शिकिवलं न्हाई," म्हणालीस. "खांडातल्या मेंढीनं शिकिवलं."

तर अशा तुला मी म्हटलं, "मावशी, तू मोज. तीन महिन्यांत जिथं जिथं तुझ्या हातनं बाळंतपण होईल तिथलं."

"मला लिवता येत न्हाई."

"मोजता येतं ना?"

"मेंढरं मोजते की. इसावर मोजतो आमी, वीस-वीसचा इसा करून."

"झालं तर मग."

तू कशानं मोजणार, कुठं ठेवणार, हे मी विचारलं नाही. चार इयत्ता उर्दू शिकलेल्या माणसाला असलं काही विचारायचं सुचत नाही.

त्याच तीन महिन्यांत माझ्या घरी गिरिजा झाली. आमचं हे दुसरं, म्हणून बाळंतपण सासरी, माझ्या मायच्या राज्यात. मायनं फर्मान काढलं: तीन दिवस गूळपाणी. मी ओट्यावर बसलो होतो. सरकारी तख्ता माझ्या काखेत होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. सरकारी कामात घरचं आणू नये, अशी मी माझी समजूत घातली. तू आतून हात पुसत बाहेर आलीस आणि माझ्याकडं न बघता निघून गेलीस. मला वाटलं, मावशी रागावली. तू हसू दाबत होतीस, हे मला पुढं दीड महिन्यानं कळलं.

सव्वा महिना झाला आणि माझी बायको काशी लेकरं घेऊन सेलूकडं माहेरी गेली. घरात मी आणि माय. एक दिवस दुपारी मी गावं करून भुकेजून आलो तर कोनाड्यात फडक्याची एक पिशवी. आत हरभरे आणि चिंचोके. तू मायसाठी कधी भाजी, कधी ताक ठेवून जायचीस, त्यातलंच हे, असं मी धरलं. चिंचोके आम्ही बाजूला काढले, कारण मायला दात चार आणि माझा एक हलत होता. हरभरे मी तव्यावर खरपूस भाजले. मायनं तिच्या वाटणीचे खलबत्त्यात कुटून घेतले. अर्धे अर्धे. त्यात तीन किडके होते ते मी फेकले. ह्या तीन किडक्यांकडं मी पुन्हा येणार आहे.

दुसऱ्या दिवशी तू आलीस.

"मन्मता, पिशवी घावली का?"

"घावली की. लय चवदार, मावशी. कुठल्या रानातले?"

तू ओट्यावर बसलीस. 

"खाल्लास?"

"मायनं बी खाल्ले."

"समदे?"

"चिंचोके हायेत की तसेच."

"आरं, बाया होत्या त्या माज्या!" तू ओरडलीस, आणि समोरच्या आळीतलं कुत्रं उठून उभं राहिलं. "पयल्या दिवशी लेकरू छातीला लावलं ती हरभरा, न्हाई लावलं ती चिंचोका. दोन इसा अन् एक बाया होत्या. एकेकीसाटी सासूचे पाय धरले, सासऱ्याच्या शिव्या खाल्ल्या, अन् तू त्या मीट लावून खाल्लास?"

आतून माय म्हणाली, "मीट मी लावलं."

मावशी, पुढं तू ही गोष्ट सांगताना इथं जे हसायचीस, ते त्या दिवशी हसली नव्हतीस. साहेब सहा दिवसांवर आले होते. पिशवीत उरले होते एकोणीस चिंचोके. ती पिशवी तशीच साहेबांपुढं ठेवली असती तर ठकू सुईण एकाही लेकराला पहिल्या दिवशी आईचं दूध मिळू देत नाही, एवढंच तिच्यातून निघालं असतं. तुझी बोटं त्या रिकाम्या फडक्याची नाडी गुंडाळत होती, सोडत होती.

अशा वेळी मी हुशारी करतो. म्हटलं, "मावशी, त्यात काय एवढं? बाजारातून मूठभर हरभरे आणू. एक्केचाळीस मोजू, पिशवीत घालू. आणि ते चिंचोके टाकून देऊ. साहेबाला काय कळतंय?"

तू माझ्याकडं बघितलंस. "एकदा कागदावर खोटं लिवलास. आता हरभऱ्यावर लिवतूस व्हय? अन् चिंचोके टाकायचे न्हाईत. जितं हरले तितं हरले. त्या बी बायाच हायेत."

मग उठलीस. "उद्या सकाळी पायतान घालून तयार ऱ्हा."

"कुटं जायचं?"

"खाल्लास त्या गोळा करायला."

ते पाच दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत फजितीचे आणि, आता लिहायला हरकत नाही, सगळ्यांत सुखाचे. तू पुढं, मी मागं तुझं गाठोडं घेऊन. तुला सगळ्या बाया तोंडपाठ होत्या. एकेका दारात तू हाक मारायचीस आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "आगं, ह्यानं तुला खाल्लं."

"मला?"

"भाजून."

मग सगळी हकीकत. मग पदराआडून हसणं. मग शेजारणीला हाक, आणि हकीकत पुन्हा पहिल्यापासून. मी दारात गाठोडं घेऊन उभा, मिरवणुकीतल्या बैलासारखा. एका घरी सासू जात्यावरून उठून मला बघायला आली. "आमची सून खाल्लीव व्हय? कडू लागली आसंल," म्हणाली, आणि आतल्या खोलीतून सूनच मोठ्यानं हसली. त्या गावात माझ्याकडं बघून एकही लेकरू पळालं नाही, माझ्या नोकरीत हे पहिल्यांदा घडलं. माझं नाव हरभऱ्या पडलं ते त्याच आठवड्यात.

त्या वाटेवर मी आणखी एक चूक केली, आणि ती तू कुणाला सांगितली नाहीस. तुझ्या पिशवीच्या नाडीत एक चिंचोका भोक पाडून लाल दोऱ्यानं ओवलेला होता. त्या एकोणिसांतला नव्हे, वेगळा, झिजून गुळगुळीत झालेला. मी विचारलं, "हा काय शोभेला?"

"ती माजी हाय," तू म्हणालीस.

"तुझी? ह्या वयात तुला कुठलं लेकरू, मावशी?" आणि मी हसलो.

तू पुढच्या गावापर्यंत बोलली नाहीस. मला वाटलं उन्हानं थकलीस. पाणी पितेस का म्हणून विचारलं, एवढीच माझी अक्कल.

साहेब यायच्या दिवशी सकाळी पिंगळीच्या ठेसनावर लिंबाखाली बाया जमल्या. कुणी बैलगाडीतून, कुणी चालत. सदतीस आया, सदतीस लेकरं, आणि सोबतीला आलेल्या सासवा, नणंदा, थोरली भावंडं, तीन शेळ्या. ठेसनमास्तर दोनदा बाहेर आले आणि दोनदा आत गेले. गाडी शिट्टी देत आली तेव्हा सदतीसच्या सदतीस लेकरं एकदम रडायला लागली, आणि एकदम सदतीस पदर पुढं ओढले गेले, आणि एकदम शांत झालं. इतकी शांतता मी कुठल्या देवळात ऐकली नाही.

साहेब वरच्या वर्गातून उतरले. समोर बघितलं. "मियाँ, ये कैसा मेला है?"

"हुजूर, तख्ता आहे."

"तख्ता?"

"जी. ह्या वेळी स्वतः चालत आलाय."

तू मला बाजूला सारलंस आणि सगळं सांगितलंस, तुझ्या बोलीत, हातवारे करून. हरभरे, तवा, मीठ, काही सोडलं नाहीस. मी मधे मधे उर्दू करत होतो. स्वतःच्या फजितीचं भाषांतर करण्याची पाळी वैऱ्यावरही येऊ नये. साहेबांनी सगळं ऐकलं आणि अदबीनं बायांकडं पाठ केली. त्यांच्यासमोर इंजिन होतं. पुढचं सगळं बोलणं ते इंजिनाशी बोलले.

"बाईंना मोजायला सांगा."

तू मोजायला लागलीस, संध्याकाळी वाड्यात शिरणारी मेंढरं मोजतात तशी, एकेकीच्या डोक्याला हात लावत. तेवढ्यात तिसऱ्या वर्गातून माझी काशी उतरली. कडेला थोरला, खांद्यावर गिरिजा.

मी धावलो. "आज कशी काय? निरोप नाही, काही नाही."

तिनं थोरल्याला माझ्या हातात दिलं आणि सरळ जाऊन रांगेच्या टोकाला बसली. गिरिजाला पदराखाली घेतलं. मी वाकून हळूच म्हटलं, "अगं, ही पहिल्या दिवसाची रांग आहे. तुझं तर गूळपाणी..."

काशीनं तुझ्याकडं बघितलं. तू माझ्याकडं.

"मन्मता, मीच निरोप धाडला तिला. तुजी माय गूळ फोडाय सोप्यात गेली की पोरगी छातीला. माय आली की वात तोंडात. तीन दिस असंच चाललं."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुमाला सांगितलं आसतं तर तुमी मायला सांगितलं आसतं," काशी म्हणाली.

"म्हणजे त्या हरभऱ्यांत..."

"व्हय," तू म्हणालीस. "ही बी होती."

मी बारा गावांच्या चावड्यांवर बसून दुसऱ्यांच्या घरातलं दूध मोजत होतो. इंजिनाकडं तोंड करून साहेबांनी विचारलं, "क्या हुआ?"

"काय न्हाई सायेब," तू म्हणालीस. "ह्याला आज कळालं ह्याच्या घरी काय चालतंय."

साहेबांची पाठ हलायला लागली. बराच वेळ हलत होती. मग खोकून म्हणाले, "कितनी हुईं?"

"दोन इसाला दोन कमी. तिगी आल्या न्हाईत. दोघी म्हायेरी लांब गेल्या, एकीला ताप हाय."

"और बाकी? जिन्होंने नहीं पिलाया?"

बाकी कुणी नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. त्याआधी तू पुढं झालीस आणि पदराच्या गाठीतून एकोणीस चिंचोके काढून त्यांच्या हातावर ठेवलेस. "हितं मी हरले," म्हणालीस. "सासवा ऐकल्या न्हाईत. फुडच्या लेकराला ऐकतील."

साहेब त्या चिंचोक्यांकडं बघत उभे राहिले. गाडी सुटली तरी बघत होते. मग पहिल्यांदा तुझ्याकडं वळले, थोडे झुकले, आणि मला म्हणाले, "मियाँ, इनको तख्ता लिखना सिखाओ." दोन पावलं गेले आणि थांबले. "नहीं, रहने दो. तुम इनसे गिनना सीखो."

मास्तरांच्या टेबलावर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, अडतीस आणि एकोणीस, आणि खाली, ठकूबाई सुईण हिला मनाई नाही. ते मी तुला वाचून दाखवलं. तू म्हणालीस, "पुन्ना वाच." मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा तू काशीकडून वाचून घ्यायला निघालीस, माझ्या वाचण्यावर तुझा भरवसा नव्हता; काशीला उर्दू येत नाही म्हणून तेवढं राहिलं.

मावशी, त्या लिंबाखाली मला तुला काहीतरी म्हणायचं होतं. गिरिजा पदराखाली चुळबुळ करत होती, तिची एवढीशी टाच बाहेर आली होती. तू तिथंच उभी होतीस. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "मावशी, हरभरे अडतीसच होते. तीन किडके होते, ते मी फेकले."

"माजी एक बी किडकी नव्हती," तू म्हणालीस. "एक्केचाळीस."

आणि आपलं भांडण सुरू झालं. दहा वर्षं चाललं. मी अडतीसवर, तू एक्केचाळीसवर. खरं सांगू का, ते मी जाणूनबुजून मिटू दिलं नाही. मिटलं असतं तर मला ते दुसरं बोलावं लागलं असतं.

काशीचं गुपित मात्र मी मायला शेवटपर्यंत सांगितलं नाही. माय गेली त्याला चार वर्षं झाली. आयुष्यात मी पोटात ठेवलेल्या गोष्टी दोनच: हे गुपित आणि ते हरभरे.

त्या दिवसापासून बारा गावांत एक नवाच रिवाज पडला. लेकरानं पहिल्या दिवशी आईचं दूध घेतलं की त्या घरची बाई येता-जाता तुझ्या दारातल्या गाडग्यात एक हरभरा टाकायची. नाही घेतलं, तर शेजारच्या बोळक्यात तू स्वतः चिंचोका टाकायचीस, बिनचूक. पाटलिणीच्या दुसऱ्या नातवाचा हरभरा पाटलीण स्वतः घेऊन आली. सोबत खरवस होता. मी योगायोगानं तुझ्या दारातच बसलो होतो. तू ताटली माझ्यापुढं सरकवलीस आणि म्हणालीस, "खा. आता चालतंय."

काल तुझा दहावा झाला. बाया इतक्या आल्या की ओढ्याकाठी बैलगाड्या लावायला जागा नव्हती. रडल्या थोड्या, आणि मग कुणीतरी हरभऱ्याची गोष्ट काढली. मावशी, तुझ्या दहाव्याला लोक हसत होते, पोट धरून. मला मधे उभं केलं होतं. आता गुळात शेंगदाणेही आलेत.

गर्दी पांगल्यावर तुझ्या सुनेनं गाडगं आणि बोळकं आणून माझ्यापुढं ठेवलं. गाडगं तिला दोन हातांनी उचलावं लागलं. बोळकं ओंजळीत मावत होतं. "आत्यांनी सांगून ठिवलंय," म्हणाली. "हे मन्मतदादाला द्या. त्यांचं मोजायचं ऱ्हायलंय."

बोळक्यात सगळ्यांत वर तो लाल दोऱ्याचा चिंचोका होता. मी त्याकडं बघतोय हे तिच्या ध्यानात आलं. तू तेव्हा पंधरा वर्षांची होतीस, तिनं सांगितलं. पहिला मुलगा. सासू म्हणाली तसं तू तीन दिवस थांबलीस, आणि लेकरू चौथा दिवस बघू शकलं नाही. त्यामुळंच गेलं, असं तू कधी म्हणाली नाहीस म्हणे. "त्याला माजं दूद कसं हाय ते कळालंच न्हाई," एवढंच म्हणायचीस.

आणि मी तुला विचारलं होतं, हा काय शोभेला.

तर आज सकाळी आमच्या ओट्यावर घोंगडी अंथरली आणि गाडगं उपडं केलं. केवढा ढीग, मावशी! गिरिजा शेजारी बसलीय, इसाइसाच्या ढिगल्या लावायला, तू तिला शिकवलंस तशा. मी तिला म्हटलं, आधी तुझ्या आईचा शोधू. ती म्हणाली, तो तर तुमी खाल्ला. तीनशेच्या पुढं गेल्यावर माझी मोजणी चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. घाई नाही. तू सोपवलेलं काम आहे, आणि ते तू मला सोपवलंस, हे मी आज दहा वेळा तरी काशीला ऐकवलं. एक्केचाळीस होते, मावशी. किडका एकही नव्हता. ते मी फेकले नव्हते, तेही खाल्लेच होते.

हे वाक्य मी काशीला चुलीपाशी जाऊन वाचून दाखवलं. तिनं भाकरी उलटली, तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "मोजा, किती मोजायचे ते मोजा. पर आदी खळ्यावरच्या बैलावानी तोंडाला मुसकं बांदा."